मध्ये न येणारी खिडकी

आमच्या ऑफिसात सगळे त्यांना वहिनी म्हणत. नव्याने लागलेल्या माणसाला सुरुवातीला वाटायचं, इथल्या कुणाचं तरी सख्खं नातं असणार. खरी गोष्ट अशी, की त्यांचे धाकटे दीर पूर्वी आमच्याकडे होते. फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायला एक शांत डोक्याचं माणूस हवं होतं, तेव्हा दीर म्हणाले, "आमच्या वहिनींना विचारून बघतो. घरात आमच्या सगळ्यांच्या तक्रारी ऐकून त्यांचा हात बसलाय." वहिनी आल्या. दीर पुढे दुसरी नोकरी धरून गेले, वहिनी राहिल्या, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. साहेब त्यांच्यापेक्षा वयाने चांगले मोठे, पण मीटिंगमध्ये तेही "वहिनी, तुमचं काय म्हणणं?" असंच विचारायचे.

आमची कंपनी दवाखान्यांच्या आणि औषधांच्या दुकानांच्या काउंटरवर चालणारे प्रोग्रॅम बनवते. वहिनींच्या फोनवर एक तक्रार सारखी यायची: "अहो, ती खिडकी मधे येते." काउंटरवरचा माणूस घाईत काहीतरी भरत असतो, समोर रांग असते, आणि स्क्रीनच्या मधोमध एक चौकट उगवते. अमुक औषध संपत आलंय, ठीक आहे? 'ठीक' दाबल्याशिवाय ती हलायचं नाव घेत नाही. खालचं सगळं झाकून बसते. वहिनी ही तक्रार प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे घेऊन जायच्या. ते म्हणायचे, "बघतो." ऑफिसातल्या 'बघतो'चा अर्थ मी सांगायला नको.

शेवटी वहिनींनी स्वतःच शिकायला घेतलं. माझं टेबल त्यांच्या शेजारी. वहिनींना प्रोग्रॅमिंग मी शिकवलं, असं मी लोकांना सांगतो. ते अगदीच खोटं नाही, पण मी दिलं ते एक जाडजूड पुस्तक, आणि मग वर्षभर त्यांच्या प्रश्नांना तोंड देता देता माझंच बरंच शिकून झालं. डबा खाऊन झाला की त्या चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता सांगा, ही खिडकी वर आहे हे त्या खालच्या खिडकीला कळतं कसं?"

पुढे फोन दुसऱ्या कुणाकडे गेला आणि वहिनी खिडक्यांच्या झाल्या. कुठली चौकट कुठे उगवावी, किती वेळ थांबावी, कशी बाजूला व्हावी, हे त्यांचं खातं. काउंटरवरच्या लोकांच्या तक्रारी थांबल्या. त्याबद्दल कुणी फोन करून आभार मानले नाहीत, कारण त्रास होत नाही हे कळवायला कुणी फोन करत नसतं.

त्यांचे यजमान शाळेत भूमिती शिकवायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. उंच, शिडशिडीत, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेले. फळ्यावर ते हातानेच वर्तुळ काढायचे, आणि मुलं उठून मोजपट्टीने तपासायची, तरी कुठे चूक सापडायची नाही.

सरांचं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं. इतकं हळूहळू, की सुरुवातीला दोष दुसऱ्यांकडे गेला. आजकालची मुलं पुटपुटतात. टीव्हीचा आवाज बिघडलाय. वहिनी तोंडातल्या तोंडात बोलतात. सासूबाई म्हणायच्या, "लहानपणीसुद्धा याला सोयीचं तेवढंच ऐकू यायचं," आणि यावर घरात हसायचे सगळे, सरसुद्धा. मग एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, बाहेर जाऊ का?" आणि सर म्हणाले, "हो, हो, हाच कोन, बरोबर." वर्ग हसला. सरही हसले, काय झालं ते न कळता. ते कळलं तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला.

डॉक्टरांनी सांगितलं, नस कमजोर झाली आहे, यंत्र लावा. सरांनी लावलं. यंत्राने सगळंच मोठं केलं. बाक सरकल्याचा आवाज, पंख्याची घरघर, कागदाची सळसळ, सगळं कानात येऊन आदळायचं. शब्द मात्र होते तसेच धूसर. "सगळं गाव ओरडतंय आणि कुणी काही बोलत नाहीये," असं ते वहिनींना म्हणाले आणि यंत्र खणात ठेवून दिलं. निवृत्तीची मुदत व्हायच्या आतच त्यांनी शाळा सोडली.

घरी बसून कॉम्प्युटरवर शिकवण्या घ्याव्यात, असं वहिनींनी सुचवलं. सरांनी घेऊन पाहिल्या. पेनाने चित्र काढायची एक सपाट पाटी घेतली होती. पाटीवर रेघ ओढली की ती पडद्यावर उमटायची, आणि आपापल्या घरी बसलेल्या मुलांना दिसायची. हात तोच होता, वर्तुळंही तीच. पण मुलांनी काही विचारलं की सर वहिनींकडे बघायचे, आणि वहिनी रोज त्या वेळी घरी कशा असणार? बोलणं ऐकून ते लिहून दाखवणारा एक तयार प्रोग्रॅम वहिनींनी बसवून दिला. तो लिहायचा बऱ्यापैकी, पण आपल्या स्वतःच्या चौकटीत. चौकट मोठी, पांढरीशुभ्र, आणि नेमकी आकृतीवर. बाजूला सरकवली तर सरांना एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे ठेवावा लागायचा. काही दिवसांनी सरांनी मुलांना कळवून टाकलं, की शिकवणी बंद.

ते सोमवारी वहिनींनी मला सांगितलं. रडल्या वगैरे नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मी दुकानदारांच्या खिडक्या बाजूला करतेय. घरातली एक खिडकी मला बाजूला करता येऊ नये?"

"बाजूला करून भागणार नाही ना पण," मी म्हटलं. "त्यांना ती आकृतीवरच हवी."

"हो. वर हवी, पण असून नसल्यासारखी." मग जरा वेळाने म्हणाल्या, "सुनेसारखी."

तेव्हापासून त्यांचं ते काम सुरू झालं. ऑफिस भरायच्या आधी त्या येऊन बसायच्या. साहेबांना विचारून ठेवलं होतं.

पहिली युक्ती सोपी होती. अख्खी खिडकी फिकी करता येते, तेवढी सोय असतेच. एक आकडा बदलला की झालं. वहिनींनी तो बदलला, आणि खालची आकृती दिसायला लागली. पण खिडकी फिकी झाली तशी तिच्यातली अक्षरंही फिकी झाली. आकृती दिसेल इतकी खिडकी विरळ केली, की शब्द वाचता येईनात, आणि शब्द वाचता येतील इतकी दाट केली, की आकृती बुडाली. "चहा पातळ केला की साखरही पातळ," म्हणाल्या.

मग दुसरी. एक रंग ठरवायचा आणि मशीनला सांगायचं, हा रंग तू रंगवूच नकोस, तिथे आरपार दिसू दे. वहिनींनी भडक गुलाबी निवडला, कारण तो दुसरीकडे कुठे वापरायचं कुणाच्या मनात येणार नाही. खिडकीची जमीन गुलाबी, वर काळी अक्षरं. जमीन खरंच नाहीशी झाली. पण अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून मशीन काळा आणि गुलाबी कडेला थोडे मिसळतं, आणि तो मिसळलेला रंग काही ठरवलेला गुलाबी नव्हे. तो तसाच मागे राहिला. प्रत्येक अक्षराला बारीक गुलाबी मिशा फुटल्या. आम्ही दोघं पडद्यासमोर उभे राहून हसत होतो, तेवढ्यात साहेब आले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे कुठल्या दवाखान्यासाठी आहे?"

तिसरी युक्ती कष्टाची. पडद्यावरच्या एकेका ठिपक्याला आपणच सांगायचं, तू किती दिसायचंस. हा पूर्ण, हा अर्धा, हा मुळीच नाही. असं करायचं तर मशीन म्हणतं, मग सगळं तूच रंगव, मी हात लावणार नाही. बटण हवं असेल तर बटणही तूच काढ. वहिनी बरेच दिवस त्यात होत्या. मध्ये त्यांचं रोजचं कामही चालूच होतं. एकदा मी विचारलं, "जमतंय का?" तर म्हणाल्या, "घरकाम आहे हे. एकदा मोलकरीण गेली की कळतं काय काय असतं."

ते जमलं. हवेत तरंगल्यासारखी स्वच्छ अक्षरं, कडा नितळ, खाली आकृती. त्या रविवारी वहिनींनी ते घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि सरांना खुर्चीत बसवलं. सर नाखूषच होते, बायकोचं मन मोडू नये म्हणून बसले. त्यांनी पाटीवर एक त्रिकोण काढला. वहिनी माइकसमोर बोलल्या, "हा समद्विभुज त्रिकोण आहे का?" शब्द त्रिकोणावर आले.

सरांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "अगं, पाया कुठे गेला माझा?"

वहिनींनी वाकून बघितलं. ओळीची शिरोरेषा नेमकी त्रिकोणाच्या पायावर जाऊन बसली होती. रेघेवर रेघ. पाया कुठला आणि शिरोरेषा कुठली, कळायला मार्ग नव्हता. शिवाय 'का'चा काना पायाखाली उतरून उगाच काढलेल्या लंबासारखा दिसत होता.

"भूमितीवर मराठी लिहायचं म्हणजे हे होणारच," सर म्हणाले. पण म्हणताना ते पुढे सरकून बसले होते. चूक सापडली की मास्तर माणसाला हुशारी येते. "असं कर. अक्षरांच्या मागे एक पट्टी दे. पांढरी नको. पुसलेल्या फळ्यावर खडूचा हात राहतो ना, तसं काहीतरी. माझी रेघ तिच्याखालून गेलेली दिसली पाहिजे, पण दबून गेलेली."

वहिनींनी तशी पट्टी केली. जिथे शब्द तिथेच, शब्दांएवढीच, धुक्यासारखी. मग सर म्हणाले, पट्टीच्या ठिकाणी पेन चालत नाही. वर्तुळ काढत आले की पट्टीपाशी रेघ तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. खिडकी दिसत नसली तरी असतेच, आणि पेनाचा स्पर्श ती मध्येच पकडून ठेवते. त्यावरही उपाय असतो. खिडकीला सांगता येतं, की हात आला तर अडवू नकोस, खाली जाऊ दे. वहिनींनी सांगितलं. पेन आरपार गेलं. वर्तुळ पुरं झालं. आणि मग खिडकी जरा वर सरकवायला म्हणून वहिनी गेल्या, तर त्यांचाही हात आरपार. खिडकी धरताच येईना. हलेना, बंद होईना. शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू करावा लागला.

"धर म्हटलं तर चावते, सोड म्हटलं तर पळते," हे सासूबाई म्हणाल्या. त्या दारात खुर्ची टाकून हा सगळा प्रकार बघत होत्या.

पुढच्या रविवारपर्यंत तेही सुटलं. एक बटण दाबून धरलं की खिडकी तेवढ्यापुरती घट्ट होते, सरकवता येते. सोडलं की परत नसल्यासारखी.

शिकवणी पुन्हा सुरू झाली, आणि त्या पहिल्या दिवशी वहिनींनी रजा घेतली होती. खोलीच्या कोपऱ्यात त्या विणकाम घेऊन बसल्या, म्हणजे लक्ष नाही असं दिसावं. मुलांचे आवाज स्पीकरमधून येत होते, शेजारी ठेवलेला माइक ते ऐकत होता, आणि शब्द एकेक करून आकृतीवर येत होते. चुका होत होत्या. 'जीवा'चं 'जेवा' झालं, 'व्यास'चं 'प्यास'. सरांना अंदाजाने कळत होतं. एका मुलीने स्पर्शिकेबद्दल विचारलं. सरांनी वाचलं, मान हलवली, आणि चार रेघांत उत्तर दिलं. वहिनींच्या सुया थांबल्या होत्या.

मग पडद्यावर आलं: 'कंपास आज फॉर्मात आहे.'

सरांनी पेन उचललं. "कंपास? कंपासचा काय संबंध इथे?"

 तिकडे आपल्या घरी बसून कुणीतरी पुटपुटलं होतं, इतक्या हळू, की चांगल्या कानाच्या मास्तरलाही कळलं नसतं. शेवटी ती स्पर्शिकावाली मुलगी धीर करून म्हणाली, "सर, तुम्हाला म्हणतात. सगळेच म्हणतात. माझा मामा तुमच्याकडे होता, तोपण म्हणायचा."

सर वहिनींकडे वळले. "तुला माहीत होतं?"

वहिनींनी मान हलवली. त्यांना माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालासुद्धा माहीत होतं. सर क्षणभर गंभीर राहिले आणि मग असे हसले, की स्पीकरमधून तिकडची मुलं हसायला लागली, आणि खिडकीने ते हसणं लिहायचा प्रयत्न करून भलतीच अक्षरं उमटवली.

इथवर सगळं गोड झालं. ऑफिसात वहिनींनी मला सगळं रंगवून सांगितलं, आणि मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, हे आपल्या प्रोग्रॅममध्ये घालू, दवाखान्याच्या काउंटरवर कमी ऐकू येणारे पेशंट येतात, काउंटरवर बसणारेही असतात. वहिनी तयार झाल्या. काम सुरू झालं. आणि मग घरी जे झालं ते असं.

वहिनींची नणंद, म्हणजे सरांची धाकटी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. वहिनींना वहिनी म्हणायचा खरा हक्क असलेलं हे माणूस. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ती आली. सर आतल्या खोलीत शिकवणी आटपून दुसऱ्या दिवशीच्या आकृत्या काढत बसले होते. खिडकी बंद करायला विसरले होते. मुलांचे आवाज नीट यावेत म्हणून वहिनींनी माइकचा कान चांगला तिखट करून ठेवला होता. आणि दार उघडं होतं.

स्वयंपाकघरात नणंद बोलायला लागली. ती वाईट बाई नव्हे. आईच्या काळजीने बोलत होती. "वहिनी, खरं सांगते, मला झोप लागत नाही. तू दिवसभर ऑफिसात. आई बाथरूममध्ये पडली आणि ओरडली, तरी दादाला ऐकू येणार आहे का? मी आईला माझ्याकडे घेऊन जाते. माझं घर तळमजल्यावर आहे, मी घरीच असते."

"त्याला विचारलंस का?" सासूबाई म्हणाल्या.

"दादाला काय विचारायचं आता? विचारायचं म्हणजे चार वेळा ओरडायचं, आणि मग तो चिडणार. नेल्यावर सांगू."

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, मी बोलते त्यांच्याशी. पण आत्ता नको. आत्ता कुठे ते जरा बरे आहेत."

आतल्या खोलीत सरांच्या अर्ध्या झालेल्या षट्कोनावर हे सगळं एकामागून एक उमटत होतं. कोण बोलतंय ते खिडकी सांगत नव्हती. पण 'दादा' म्हणणारी एकच होती, 'वन्सं' म्हणणारी एकच, आणि त्यांना 'त्याला' म्हणायचा मान त्या घरात फक्त आईचा.

सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आत्ता का नको?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी मला सांगितलं, की त्यांना पहिल्यांदा वाटलं, सरांना ऐकू आलं. एक क्षणभर खरंच तसं वाटलं, आणि आनंद झाला. मग आतून पडद्याचा उजेड दिसला आणि खिडकी चालूच राहिली होती हे त्यांच्या लक्षात आलं.

नणंदेचं तोंड उतरलं. "दादा, मी तसं..."

सरांनी हात वर केला. वर्गात करायचे तसा. "नीट बोल. माझ्याकडे तोंड करून बोल. मी चिडणार नाही."

ती बोलली. सगळं पुन्हा, सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून. सरांनी तिच्या ओठांकडे बघत ऐकून घेतलं. मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "खरं आहे. आई पडली तर मला ऐकू येणार नाही." हे वाक्य त्यांनी तोवर घरात, डॉक्टरकडे, कुठेच म्हटलं नव्हतं. 'कमी येतं', 'नीट येत नाही' इथपर्यंतच गाडी यायची. "पण मला न विचारता नेऊ नका. मी बहिरा झालोय, घरातून गेलो नाहीये."

 शेगडीवर चहा उतू गेला, तो वहिनींनी पुसला.

मग सासूबाई बोलल्या. "आणि मला विचारलं का कुणी? माझीच ने-आण चाललीय म्हणून विचारते."

सगळे त्यांच्याकडे वळले. सरांना कळावं म्हणून त्यांनी आवाज चढवला, मग थांबल्या, आणि उठून सरांच्या अगदी समोर येऊन बसल्या. "मी हिच्याकडे जाते," त्या म्हणाल्या. "पडायच्या भीतीने नाही. मला दुपारी बोलायला कुणी नाही रे. तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगण्याइतकं माझ्याकडे काही नसतं. आपलं साधंच असतं. ऊन आलं, कावळा ओरडला, पाय दुखतो. ते हळूच सांगायचं असतं."

सरांना हे कितपत कळलं, वहिनींना शंका होती. पण त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि मान डोलावली. महिनाअखेरीला सासूबाई मुलीकडे गेल्या.

घर रिकामं वाटायला लागलं. वहिनी ऑफिसात आल्या की गप्प असायच्या. आपल्या हाताने केलेल्या वस्तूने घरातलं माणूस घराबाहेर गेलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी म्हटलं, "उलट आहे. न विचारता जायच्या होत्या, त्या विचारून गेल्या." त्यांनी ते ऐकून घेतलं, पण पटलं असं दिसलं नाही.

मात्र त्या पारदर्शक खिडकीत त्यांनी एक बदल केला. खिडकी ऐकत असेल तेव्हा पडद्यावर एक लाल ठिपका पेटतो, आणि तो पारदर्शक नाही. टेबलावरही एक छोटा दिवा लागतो, समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसेल असा. बोलणं थांबून थोडा वेळ झाला की खिडकी आपोआप ऐकणं बंद करते. साहेब म्हणाले, "वहिनी, एवढं सुंदर आरपार केलंत आणि वर हा लाल गंध कशाला? काढून टाका, विद्रूप दिसतंय."

वहिनी साहेबांशी कधी वाद घालायच्या नाहीत. त्या दिवशी घातला. "ऐकणाऱ्याला दिसलं नाही तरी चालेल," त्या म्हणाल्या. "बोलणाऱ्याला दिसलंच पाहिजे. नाहीतर माझं नाव काढा यातून." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. ठिपका राहिला. आता तो बऱ्याच दवाखान्यांच्या काउंटरवर आहे, आणि त्याबद्दलही अजून कुणी तक्रारीचा फोन केलेला नाही.

घरच्या खिडकीबद्दल सरांनीच नियम केला. शिकवणी संपली की बंद. "माणसाच्या माघारी बोललं जातं ते माघारीच राहू दे," ते म्हणाले. "एवढं सगळं कळून कुणाचं भलं झालंय?"

मात्र या नियमाला रविवारची सूट आहे. रविवारी नणंद सासूबाईंना घेऊन येते. मी एकदा कसलीशी वायर द्यायला गेलो होतो, तेव्हा बघितलं. आतल्या खोलीत सर आणि सासूबाई शेजारी शेजारी खुर्च्या टाकून पडद्यासमोर बसले होते. माइक सासूबाईंच्या पुढ्यात, लाल ठिपका पेटलेला. त्या अगदी हळू आवाजात बोलत होत्या, मला दारातून एक शब्द कळत नव्हता. शब्द पडद्यावर येत होते. खाली कसलीशी आकृती अर्धी काढून ठेवली होती, आणि सर वाचत वाचत तिच्यात एकेक रेघ भरत होते. शेजारणीचं मांजर, गुडघ्याला लावायचं तेल, नातवाचा हट्ट, असं काय काय आकृतीवरून जात होतं.

मध्येच खिडकीने 'गुडघा'चं 'गुढगा' लिहिलं. सासूबाईंचं शिक्षण चौथी, पण शुद्धलेखन पक्कं.

"बघ, चुकला मेला," त्या म्हणाल्या. खिडकीने तेही लिहिलं. सर हसले, आणि पेनाने त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. रेघ पट्टीच्या खालून गेली, नीट दिसत होती.

"दुरुस्त करून दहा वेळा लिहायला सांग त्याला," सासूबाई म्हणाल्या, आणि पाय दुमडून घेऊन पुन्हा मांजराच्या गोष्टीकडे वळल्या.